रस्त्याकडेचं बेकायदा होर्डिंग सांगाड्यासकट कसं उतरवून घ्यायचं: अधिकार कुणाचा, कलम कुठलं, अर्ज कसा

आमच्या वळणावर एक मोठं होर्डिंग होतं, अर्धं फुटपाथवर आणि अर्धं शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये. तक्रार केली. दीड महिन्याने लेखी उत्तर आलं की "सदर जाहिरात फलकावर कारवाई करण्यात आलेली आहे". जाऊन बघतो तर फक्त फ्लेक्स उतरवलेला, लोखंडी सांगाडा जसाच्या तसा उभा, आणि बारा दिवसांनी त्याच सांगाड्यावर दुसऱ्या कुठल्या तरी क्लासेसची जाहिरात चढली. उत्तर चुकीचं नव्हतं, फलकावर कारवाई झालीच होती, चूक माझ्या अर्जात होती कारण मी "जाहिरात काढा" असं लिहिलं होतं, "सांगाडा काढा" असं कुठेच लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून तीन-चार वर्षं या विषयाच्या मागे आहे. मी वकील नाही, पण कुठल्या टेबलावर काय चालतं आणि कुठलं वाक्य लिहिलं की फाईल हलते एवढं आता कळलंय, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय. महाराष्ट्रातल्या शहरांपुरतं आणि गावांपुरतंच बोलतोय, बाकी राज्यांत कायदे वेगळे.

आधी हे समजून घ्या की माणसं मरतात ती सांगाड्याने. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ ला जुन्या बाजाराच्या चौकात रेल्वेच्या जागेतलं होर्डिंग सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर पडलं, ४ जण गेले, आणि तेव्हा ना वादळ होतं ना पाऊस, सांगाडा काढायचंच काम चालू होतं. १७ एप्रिल २०२३ ला रावेत-किवळे भागात हायवेच्या सर्व्हिस रोडला वादळी पावसात आडोशाला थांबलेल्या लोकांवर होर्डिंग कोसळलं, ५ मृत्यू. आणि १३ मे २०२४ चं घाटकोपर तर सगळ्यांना आठवतंच, पेट्रोल पंपावर पडलेलं ते साधारण १२० बाय १२० फुटांचं धूड, १७ जण गेले. मुंबई महापालिका जास्तीत जास्त ४० बाय ४० ची परवानगी देते, आणि या होर्डिंगला आपली परवानगीच नव्हती असं महापालिकेने नंतर सांगितलं, कारण जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली होती.

एक हिशोब सांगतो, तो अर्जातही वापरता येतो. भारतीय मानक ८७५ च्या भाग ३ मध्ये कुठल्या शहरात किती वाऱ्याला बांधकाम टिकलं पाहिजे ते दिलंय, मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर, पुण्यासाठी ३९ मीटर म्हणजे ताशी १४० च्या आसपास. त्यावरून सरळ गणित केलं तर मुंबईत दर चौरस मीटरला १२० किलोच्या जवळपास दाब येतो. ४० बाय ४० फुटांवर तो होतो साधारण साडेसतरा टन, आणि १२० बाय १२० वर त्याच्या नऊपट, म्हणजे दीडशे टनांच्या पुढे. उंची, आकार वगैरेचे गुणक वेगळे, हे नुसतं ढोबळ गणित आहे. पण लांबी-रुंदी तिप्पट केली की लोड नऊपट होतो आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे कळलं की "दोन फूटच तर वाढवलंय" या वाक्याकडे आपण वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

पायरी १: समोर जे आहे त्याचं नाव नक्की करा

सगळ्याला सरसकट "बॅनर" म्हणू नका. खांबाला बांधलेला वाढदिवसाचा फ्लेक्स, विजेच्या खांबावरचा छोटा किऑस्क, रस्त्यावर आडवी टाकलेली कमान, एका खांबावरचा युनिपोल, बिल्डिंगच्या गच्चीवरचं होर्डिंग आणि जमिनीतून उभं केलेलं होर्डिंग, या प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

कायद्यात एक शब्द आहे "आकाशचिन्ह". ऐकायला जुना वाटतो पण अर्थ सोपा आहे, रस्त्यावरच्या कुठल्याही एका जागेवरून बघितलं की ज्याच्या मागे आकाश दिसतं अशी खांबावर, चौकटीवर किंवा इमारतीवर उभी केलेली जाहिरात. पुणे, पिंपरी-चिंचवडला म्हणूनच खात्याचं नाव "आकाशचिन्ह व परवाना विभाग" आहे, मुंबईत हे काम अनुज्ञापन खात्याकडे असतं आणि वॉर्ड ऑफिसला त्यांचे इन्स्पेक्टर बसतात.

आणि हो, दुकानदाराने स्वतःच्या दुकानावर स्वतःच्या धंद्याची लावलेली पाटी, "जागा विकणे आहे" असा त्याच जागेवरचा बोर्ड, यांना कायद्यात सूट आहे. पाटी रस्त्यावर लटकत असेल तर विषय वेगळा, पण उगाच गरीब दुकानदाराच्या नावाच्या पाटीवर तक्रारी टाकू नका, त्याने खऱ्या होर्डिंगच्या फाईली मागे पडतात.

पायरी २: जागा कुणाची ते शोधा, निम्मं काम इथेच होतं

बहुतेक तक्रारी इथेच मरतात. महापालिका म्हणते हायवेचं, हायवेवाले म्हणतात पालिकेचं, असं दोन-दोन वर्षं चालतं. म्हणून अर्जाआधी जागेचा मालक कागदावर पक्का करायचा. शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्ड, गावाकडे सातबारा, दोन्ही ऑनलाइन निघतात, आणि महापालिकेच्या विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी बघा म्हणजे खांब रस्त्याच्या हद्दीत आहे की खाजगी प्लॉटमध्ये ते कळतं.

महापालिका हद्दीतला रस्ता किंवा खाजगी जागा असेल तर आयुक्त. नगरपालिका, नगरपंचायत असेल तर मुख्याधिकारी, तिथे १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा. ग्रामपंचायत असेल तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५३, रस्त्यावरचं आणि मोकळ्या सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे आणि पंचायतीने हात वर केले तर जिल्हाधिकारी ते काम करू शकतो. हे गावाकडे फार कमी लोकांना माहीत असतं, सरपंचाचाच फोटो बोर्डवर असला की सगळे गप्प बसतात, पण कलेक्टर ऑफिसचा दरवाजा उघडा आहे.

राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीत असेल तर २००२ चा राष्ट्रीय महामार्ग जमीन आणि वाहतूक नियंत्रण कायदा लागतो, तिथे महामार्ग प्रशासनाकडे जायचं, त्यांची १०३३ हेल्पलाइनही आहे. राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम खातं. कॅन्टोन्मेंट भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड, एमआयडीसीत एमआयडीसी. शहराच्या कडेला पुण्याच्या पीएमआरडीएसारखं विकास प्राधिकरण असेल तर सांगाड्याला बांधकाम म्हणून १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली तेही नोटीस काढू शकतात.

रेल्वेची जागा हा सगळ्यात अवघड प्रकार. रेल्वेचं म्हणणं पूर्वीपासून असं की आमच्या हद्दीतल्या होर्डिंगला महापालिकेची परवानगी लागत नाही, २०१७ ला मुंबई हायकोर्टाने रेल्वेच्या बाजूने निकाल दिला आणि मुंबई महापालिका सुप्रीम कोर्टात गेली. घाटकोपरनंतर महापालिकेने वेगळा रस्ता धरला, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली रेल्वेला मोठी होर्डिंग काढायच्या नोटिसा दिल्या, आणि जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वेला त्या नोटिसांचं पालन करायला सांगितलं. म्हणजे "रेल्वेची जागा आहे, आम्ही काही करू शकत नाही" हे उत्तर आता पूर्ण उत्तर नाही. तुम्हाला हे उत्तर मिळालं तर अर्जाची दुसरी प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला, म्हणजे कलेक्टरला द्या, मुंबईत असाल तर महापालिका आयुक्तांच्या नावाने.

पायरी ३: अधिकार कुठून येतो ते कलमासकट लिहा

अर्जात कलम लिहिलं की समोरच्याला कळतं की हा माणूस पुढे जाणार आहे.

मुंबई सोडून बाकी महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. कलम २४४ आकाशचिन्हांसाठी, कलम २४५ बाकी जाहिरातींसाठी. मुंबईला १८८८ चा कायदा, तिथे हीच कलमं ३२८ आणि ३२८अ. मुद्दा दोन्हीकडे एकच, आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात उभी करता येत नाही आणि उभी असलेली ठेवताही येत नाही. हे "ठेवता येत नाही" फार कामाचं आहे, कारण एजन्सीवाला म्हणतो दहा वर्षांपासून आहे, तर दहा वर्षांपासून आहे म्हणून ते कायदेशीर होत नाही, प्रत्येक दिवशी परवानगी लागते.

आकाशचिन्हाची परवानगी एका वेळी जास्तीत जास्त २ वर्षांची असते आणि काही गोष्टी झाल्या की ती आपोआप रद्द होते, त्यासाठी वेगळा आदेशही लागत नाही. सांगाड्यात भर घातली, बदल केला, त्याचा एखादा भाग वाऱ्याने किंवा गंजून पडला, ज्या इमारतीवर आहे तिच्यात असं बांधकाम केलं की ज्याने सांगाडा हलला, इमारत रिकामी झाली किंवा पाडली, अशा वेळी परवानगी गेली असं कायदाच म्हणतो. फक्त मजबुतीसाठी शहर अभियंत्याच्या सूचनेने केलेली भर चालते. आमच्या इथे एका गच्चीवरच्या होर्डिंगची परवानगी ४० बाय २० ची आणि प्रत्यक्षात खाली सहा फुटांची पट्टी जोडलेली, आम्ही "विनापरवाना" असं लिहायचो आणि ते परवान्याची कॉपी दाखवायचे. नंतर "आकारात बदल केल्यामुळे कलम २४४ नुसार परवानगी रद्दबातल झालेली आहे" असं लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी टेप घेऊन मोजायला आलं.

खांब फुटपाथवर किंवा रस्त्यावर असेल तर अजून सोपं. ते अतिक्रमण आहे, १९४९ च्या कायद्यात कलम २३१ आणि मुंबईच्या कायद्यात कलम ३१४ नुसार आयुक्त ते नोटीस न देता काढू शकतात. खाजगी जागेवरच्या होर्डिंगला मात्र नोटीस, म्हणणं ऐकणं, मग आदेश हा क्रम पाळायला लागतो, तो पाळू द्या, नाहीतर समोरचा कोर्टात जाऊन तेवढ्याच मुद्द्यावर स्टे आणतो. याशिवाय २०२२ चे जाहिरात व आकाशचिन्ह नियम आहेत.

फ्लेक्सबाजीसाठी वेगळा कायदा, १९९५ चा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम. ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड कमी आहे हे खरं, पण एफआयआर होते आणि ज्याच्या फायद्यासाठी बोर्ड लावला त्यालाही धरता येतं, फक्त लावणाऱ्या पोराला नाही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेत, म्हणजे २०११ ची १५५ नंबरची, न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने ३१ जानेवारी २०१७ ला निकाल दिला की सगळ्या पालिकांनी बेकायदा होर्डिंग, बॅनर काढायचे, गुन्हे दाखल करायचे, तक्रारींसाठी टोल फ्री नंबर आणि फोटो पाठवायची सोय करायची, नोडल अधिकारी नेमायचे. या निकालाचा उल्लेख अर्जात एका ओळीत जरूर करा. निकालानंतरही बोर्ड कमी झाले नाहीत म्हणून २०२४ मध्ये हायकोर्टाने राजकीय पक्षांना अवमानाच्या नोटिसा काढल्या, यावरून विषय किती ताजा आहे ते कळेल.

एक गोष्ट एजन्सीवाले हल्ली सारखी म्हणतात, जीएसटी आल्यावर जाहिरात कर गेला त्यामुळे पालिकेचा संबंधच उरला नाही. कर लावायची घटनेच्या राज्य सूचीतली ५५ नंबरची नोंद गेली हे बरोबर. पण परवानगी देणं, नाकारणं, काढून टाकणं हा अधिकार त्या करातून येत नाही, तो वर सांगितलेल्या कलमांतून येतो.

पायरी ४: पुरावा गोळा करा, पण अंगावर घेऊन नाही

जीपीएस आणि तारीख येणाऱ्या कॅमेरा ॲपने फोटो काढा. एक लांबून, ज्यात आजूबाजूची ओळखीची खूण दिसेल. एक बुडाचा, फाउंडेशन, बोल्ट, गंज, वेल्डिंग. एक रस्त्याच्या बाजूने, चालकाला सिग्नल किंवा वळण कसं झाकलं जातं ते. आणि एक बोर्डवरच्या परवाना नंबरच्या पाटीचा, पाटीच नसेल तर पाटी नाही याचा. वर चढू नका, जवळ फिरू नका, लाईटच्या वायरी उघड्या असतात आणि पावसाळ्यात सांगाड्यात करंट उतरू शकतो.

अंतर मोजून ठेवा. इंडियन रोड्स काँग्रेसचं रस्त्याकडेच्या जाहिरातींचं धोरण आहे, आयआरसी ४६, १९७२ चं. त्यात चौकापासून, पुलापासून १०० मीटरच्या आत जाहिरात नको म्हटलंय, शहरात हे अंतर ५० मीटरपर्यंत कमी करता येतं, आणि गाडी चालते त्या भागाच्या कडेपासून १० मीटरच्या आत नको. आपल्याकडच्या चौकांत उभं राहून बघा म्हणजे कळेल. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९९७ मध्येच एम. सी. मेहता खटल्यात दिल्लीतली वाहतुकीला धोकादायक होर्डिंग काढायला सांगितली होती, तो आधारही देता येतो.

झाडं तोडून किंवा सुकवून होर्डिंग मोकळं केलं असेल तर तो वेगळा अर्ज, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली, वृक्ष प्राधिकरणाला. दोन्ही विषय एका कागदावर घातले की दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात.

पायरी ५: आरटीआय आधी टाका, तक्रार नंतर

माझा अनुभव असा की तक्रार आधी केली की "परवानगी आहे" असं तोंडी सांगतात आणि मग आपण अडकतो. म्हणून आधी माहिती अधिकार. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत. मागायचं एवढंच:

"अमुक रस्त्यावर, अमुक इमारतीसमोर असलेल्या जाहिरात फलकाच्या परवानगीची प्रत, मंजूर आकार व उंची, मुदत, जागामालकाचं ना हरकत पत्र, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थिरता प्रमाणपत्र, मागील तीन वर्षांत भरलेली फी, आणि या फलकाच्या स्थळपाहणीचे अहवाल. तसंच फाईल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मिळावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. फाईल बघायला बसलं की कळतं, टिपणं असतात, कुणीतरी प्रामाणिक इन्स्पेक्टरने दोन वर्षांपूर्वीच "धोकादायक, काढण्यात यावा" असं लिहिलेलं असतं आणि ते तिथेच पडून असतं. असं एक टिपण सापडलं की दहा अर्जांचं काम होतं. स्थिरता प्रमाणपत्रात तारीख, सही, लायसन्स नंबर आणि कुठल्या आकारासाठी दिलंय ते बघा, बऱ्याचदा प्रमाणपत्र लहान आकाराचं असतं आणि त्याच्यावर मोठं होर्डिंग उभं.

उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. "परवानगी आढळून येत नाही" असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा, तोच सगळ्यात मोठा पुरावा. जिवाला धोका आहे असं नीट दाखवता आलं तर ४८ तासांत माहिती मागता येते, पण फाउंडेशन खरंच हललं असेल तरच ते कलम वापरा.

पायरी ६: तक्रार अर्ज

दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि नंबर. शिक्क्याशिवायचा अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. ॲपवर, हेल्पलाइनला तक्रार करून टोकन नंबर घ्या (मुंबईत १९१६, पिंपरी-चिंचवडला सारथी, पुण्यात पीएमसी केअर), पण त्याच दिवशी कागदही द्या, कारण ॲपवरची तक्रार फोटो टाकून बंद करतात आणि आपण परत उघडत बसतो.

मजकूर साधारण असा ठेवा:

"प्रति, मा. आयुक्त / मुख्याधिकारी. विषय: अमुक ठिकाणचा विनापरवाना जाहिरात फलक त्याच्या लोखंडी सांगाड्यासह, पायापासून काढणेबाबत. महोदय, वरील ठिकाणी अंदाजे इतके बाय इतके फुटांचा फलक आहे. माहिती अधिकारात अमुक तारखेला मिळालेल्या उत्तरानुसार त्यास परवानगी नाही / मंजूर आकारापेक्षा मोठा आहे. तो चौकापासून इतक्या मीटरवर असून फुटपाथवर इतकी जागा अडते. कलम २४४, २४५ (फुटपाथवर असल्यास २३१) अन्वये सांगाडा काढावा, काढण्याचा खर्च संबंधिताकडून वसूल करावा, १९९५ च्या अधिनियमानुसार गुन्हा नोंदवावा आणि केलेल्या कारवाईचा पंचनामा व फोटो मला द्यावेत. नुसती जाहिरात उतरवणे ही पूर्तता समजू नये."

शेवटचं वाक्य मी आता प्रत्येक अर्जात टाकतो. एकट्याने सही करायला भीती वाटत असेल, आणि वाटते, बोर्डवर कुणाचा फोटो आहे त्यावर असतं ते, तर सोसायटीच्या लेटरहेडवर द्या, दहा-पंधरा सह्या घ्या, शाळा जवळ असेल तर पालकांच्या घ्या. अर्जात होर्डिंगवर काय लिहिलंय, कुठला पक्ष, कुठला नेता यावर एक शब्दही लिहू नका. पालिकेचा अधिकार जागा, आकार, परवानगी आणि सुरक्षितता यावर आहे, मजकूर आवडला नाही म्हणून काढा असं लिहिलं की आपलीच बाजू लंगडी होते.

पायरी ७: पाठपुरावा आणि नेहमीची चार उत्तरं

१५ दिवसांनी स्मरणपत्र, ३० दिवसांनी आयुक्तांच्या लोकशाही दिनात किंवा आपले सरकार पोर्टलवर. मधल्या काळात ही उत्तरं येतात.

"कोर्टाचा स्टे आहे." मग दावा नंबर आणि आदेशाची प्रत मागा. बऱ्याचदा स्टे संपलेला असतो किंवा दुसऱ्याच होर्डिंगचा असतो. आणि अजून स्टे आलेला नसेल तर विधी विभागाला अर्ज द्या की कोर्टात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे पालिकेचं ऐकल्याशिवाय एकतर्फी स्टे मिळत नाही, कॅव्हेट ९० दिवस चालतं.

"पोलीस बंदोबस्त मिळत नाही." बंदोबस्त मागितल्याचं पत्र दाखवा म्हणायचं. पत्रच गेलेलं नसतं. ते गेल्यावर त्याची कॉपी घेऊन पोलीस स्टेशनला आपणच जाऊन विचारायचं.

"क्रेन नाही, टेंडर व्हायचंय." लेखी द्या म्हणायचं. लेखी देत नाहीत.

"मालकाला नोटीस दिली आहे." नोटिशीची तारीख आणि मुदत विचारा, मुदत संपली की पुढच्या दिवशी अर्ज. आमच्या वळणावरच्या होर्डिंगला तीन नोटिसा दिल्या होत्या, तिन्हींची मुदत संपलेली आणि फाईल कपाटात.

अधिकाऱ्यांशी भांडू नका. एकेका इन्स्पेक्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, वरून फोन येतात, त्याला तुमचा शिक्का मारलेला अर्ज हीच ढाल असते. मला सगळ्यात जास्त मदत झाली ती अशाच एका इन्स्पेक्टरची, त्याने फक्त एवढं सांगितलं की "साहेब, शहर अभियंत्याला पण प्रत टाका".

खरंच पडायला आलंय असं वाटलं तर

बुडाचे बोल्ट निघालेत, खांब वाकलाय, वाऱ्यात आवाज येतो, फाउंडेशनला तडे, तर वरच्या पायऱ्या बाजूला ठेवा. ११२ ला फोन, पालिकेच्या आपत्ती कक्षाला फोन, आणि त्याच दिवशी लेखी. प्रांताधिकारी किंवा तहसीलदाराकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३, त्याखाली अर्ज करता येतो, पडून इजा करेल असं बांधकाम काढायचा किंवा दुरुस्त करायचा आदेश ते देऊ शकतात. रिक्षा स्टँड, चहाची टपरी, वडापावची गाडी खाली असेल तर त्या लोकांना आधी जाऊन सांगा. किवळ्याला लोक आडोशाला म्हणूनच थांबले होते.

सोसायटीची गच्ची भाड्याने देणाऱ्यांसाठी

महिन्याला चांगले पैसे येतात म्हणून कमिटी सही करून मोकळी होते. सही करायच्या आधी पालिकेची परवानगी एजन्सीच्या नावावर आहे का, तुमच्या बिल्डिंगचं स्वतःच्या इंजिनिअरकडून ऑडिट झालंय का, विमा किती रकमेचा, आणि करार संपल्यावर सांगाडा किती दिवसांत कुणाच्या खर्चाने उतरणार हे करारात आहे का, एवढं बघा. परवानगीशिवाय ठेवलेल्या आकाशचिन्हाची नोटीस जागेच्या मालकालाही निघते, फक्त एजन्सीला नाही.

पायरी ८: काढायच्या दिवशी

तारीख कळली की जा, पण लांब उभे रहा. जुन्या बाजारातला अपघात काढतानाच झाला. काम सुरू व्हायच्या आधी विचारा की लाईटचं कनेक्शन तोडलंय का, ट्रॅफिक थांबवलाय का, क्रेनने वरचा भाग धरून मग वरून खाली कापत येणार का. खालून खांब कापायला घेतले तर तिथल्या तिथे थांबवायला सांगा आणि पोलिसांना बोलवा, यात संकोच करू नका.

काम झाल्यावर पंचनाम्याची प्रत मागा. लोखंड कुठे गेलं ते त्यात यायला पाहिजे, कारण तेच लोखंड पुढच्या चौकात उभं राहतं. आणि जाग्यावर जाऊन जमिनीकडे बघा. काँक्रीटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले बोल्ट तसेच सोडून जातात, अंधारात माणूस अडखळतो आणि एजन्सीला महिन्याभरात नवीन खांब त्याच बोल्टवर बसवता येतो. आमच्या वळणावर सांगाडा गेल्यावर चौथरा फोडायला अजून दोन अर्ज आणि अकरा आठवडे लागले. आता तिथे पेव्हर ब्लॉक बसलेत, आणि मी दर महिन्याच्या एक तारखेला त्या जागेचा एक फोटो काढून ठेवतो.